कुलुपातली लेन्स

आंटी पोकुआला कुमासी शहरात कुणी लग्नाला बोलावत नाही. म्हणजे जेवायला बोलावतात, पण कॅमेरा घेऊन ये असं कुणी म्हणत नाही. इथे माणूस गेल्यावर काही आठवड्यांनी, शनिवारी, मयताचा मोठा समारंभ करतात. बावीस वर्षं दर शनिवारी ती मयताचे फोटो काढत आली आहे, आणि लोकांना वाटतं, हिने नवरीकडे कॅमेरा रोखला तर काय सांगावं! लोकांची तोंडं कोण धरणार? ती हसून सोडून देते. पण तिच्या पत्र्याच्या पेटीत एक लेन्स आहे, खास चेहऱ्यांसाठीची, पहिल्या मोठ्या कमाईतून घेतलेली. लग्नाचं काम आलं की काढीन, असं म्हणता म्हणता पेटीच्या कुलुपाला गंज चढला.

रोजच्या कामाची लेन्स गेल्या महिन्यात एका मयताच्या गर्दीत ढोलवाल्याचा धक्का लागून पडली, ती कायमचीच. दुसरी घेणं भाग होतं. नवीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून पोकुआने इंटरनेटवर जुन्या सामानाच्या जाहिराती चाळल्या. तिथे ही दिसली: "अगदी नव्यासारखी. एकाच माणसाची. वर्षभर कुलुपात ठेवलेली, कुणाचा हात लागलेला नाही." विकणारी एफिदुआसेची, नाव फ्रेमा. "कुणाचा हात लागलेला नाही" या शब्दांवर पोकुआ भाळली. फोनवरून पैसे पाठवले, आणि शुक्रवारी संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरने पुडकं आणून दिलं.

एवढी मुरलेली बाई, पण लेन्समध्ये टॉर्च मारून पाहायचं तिला सुचलं नाही. शनिवारी सकाळी लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि थेट मांडवात गेली.

दुपारी फोटो छापून तिने तिथेच पाहुण्यांना विकायला मांडले, तर काळी कापडं नेसलेली माणसं फोटोत राखाडी. उन्हाच्या बाजूने काढलेल्या फोटोंवर तर जणू कुणी ताक ओतलं होतं. विधवा बाईने फोटो हातात घेतला, पाहिला आणि परत केला.

"माझं कापड जुनं आहे का गं?" तिने विचारलं. "दीड महिना शिवून घेत होते मी."

पोकुआला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मयताचा फोटो चुकला तर मेलेल्याला परत कोण आणणार? घरी येऊन तिने लेन्समध्ये टॉर्च मारला. आत पांढरे तंतू पसरले होते, मुळं फुटावीत तसे. बुरशी.

मग फोनवर जुंपली.

"पैसे परत पाठव. लेन्स सडकी आहे."

"आंटी, ती माझ्या वारलेल्या मामाची लेन्स आहे. माझा मामा सडकी वस्तू ठेवणारा माणूस नव्हता. तुमच्याकडेच काहीतरी झालं असेल."

"एका रात्रीत? मी काय त्यात कसाव्याचे कंद लावले?"

"मामाचं नाव खराब करू नका."

"नाव तूच खराब करतेयस. चोर कुठली!"

पोकुआने फोटोग्राफरांच्या ग्रुपसाठी निरोप लिहून ठेवला. ग्रुपमध्ये नऊशे माणसं, अख्ख्या अशांती मुलखातली. "एफिदुआसेच्या फ्रेमापासून सावध राहा. मेलेल्या मामाच्या नावावर सडका माल खपवते." एक बोट लावलं की फ्रेमा आणि तिचा मामा, दोघांचं नाव धुळीला मिळालं असतं. बोट तिने लावलं नाही, पण ते दयेपोटी नव्हे. तोंड पाहिल्याशिवाय माती टाकायची नाही, हा तिच्या धंद्यातला नियम होता. शिवाय पुढच्या शनिवारी बाजारातल्या कापडवाल्यांच्या म्होरक्याचं मयत होतं. एवढं मोठं काम वर्षात एकदाच येतं, आणि हातात लेन्स नव्हती. पैसे नाहीच मिळाले तर पेटीतली लग्नाची लेन्स विकायची, असंही तिने मनाशी ठरवलं. तिची जाहिरातसुद्धा लिहून तयार होती: "अगदी नव्यासारखी. जपून ठेवलेली."

मंगळवारी ती एफिदुआसेला निघाली. मिनीबसमध्ये वाटभर मनातल्या मनात बोलणं घोकत होती, आणि त्यातला एकेक शब्द मिरचीत घोळलेला होता.

पण बोलायला मिळतंय कुठे? अंगणात पाऊल टाकलं तोच फ्रेमाने खुर्ची मांडली. शाळेत शिकवणारी किरकोळ बांध्याची मुलगी, नजर खाली. कोपऱ्यात घराण्याचे प्रमुख बसले होते, ओपानिन, म्हणजे वडीलधारे, बोआतेंग, ऐंशीच्या घरातले. पोकुआने उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवला आणि बसली. गार पाणी आलं. पाणी पिऊन होईपर्यंत पाहुण्याला कुणी काही विचारत नाही आणि पाहुणाही काही सांगत नाही, मग घर पेटलेलं का असेना. पोकुआ अख्खा पेला प्यायली. घोकलेल्यातलं निम्मं त्या पाण्याबरोबर पोटात गेलं.

"आमच्याकडे सगळं शांत आहे," ओपानिन म्हणाले. "वाट चालून तुम्ही आलात. काय निमित्त?"

पोकुआने सांगितलं. घोकलं होतं त्यापेक्षा बरंच सौम्य, पण सगळं सांगितलं: जाहिरात, राखाडी कापडं, विधवेचा प्रश्न. लेन्स आणि टॉर्च तिने ओपानिनच्या हातात दिले. म्हाताऱ्याने एक डोळा मिटून आत पाहिलं.

"हे पांढरं काय, कोळ्याचं जाळं?"

"बुरशी आहे. राग मानू नका, पण काच न पुसता ठेवणाऱ्याकडेच ही धरते. तुमचा माणूस फोटो चांगले काढत असेल. काच जपणारा नव्हता."

तोवर मान खाली घालून बसलेली फ्रेमा ताडकन उठली आणि घरात गेली. पोकुआला वाटलं, रडायला गेली. पण ती कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली आणि तिने ते पोकुआच्या मांडीवर ठेवलं. दुसरी लेन्स होती. तशीच, तितकीच जुनी, वापरून वापरून कडेचा रंग उडालेली.

"हीसुद्धा मामाचीच," फ्रेमा म्हणाली. "दोन्ही त्याने एकाच दिवशी घेतल्या. एकाच फडक्याने पुसायचा. बघा आत."

पोकुआने टॉर्च मारला. काच विहिरीच्या पाण्यासारखी नितळ.

फ्रेमा ओपानिनकडे वळली. "नाना, मामा गेला त्या दिवशी ही माझ्याकडे होती. शाळेच्या खेळांचे फोटो काढायला त्यानेच दिली होती. तुम्ही खोलीला कुलूप लावलंत तेव्हा मी द्यायला हवी होती. दिली नाही. वर्षभर लपवून वापरली."

मेलेल्याची खोली बंद होते ती वर्षश्राद्धालाच उघडते, वाटणीही तेव्हाच होते, आणि तोवर आतली सुईसुद्धा कुणाची नसते. त्यातली वस्तू लपवणं म्हणजे सगळ्या घराण्याची चोरी. पोकुआला ते सांगायला नको होतं. ही पोरगी पैसे वाचवण्यासाठी बोलली नव्हती. मामाच्या नावावरचा डाग पुसायला तिने तो स्वतःच्या कपाळी लावून घेतला होता. आणि हिला आपण चोर म्हणालो, हे आठवून पोकुआला फार लाज वाटली.

ओपानिन दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, "कुलूप लावण्याआधी खोलीतलं सगळं मीच मोजलं होतं, पोरी. लेन्सच्या दोन डब्या होत्या. एक रिकामी होती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो. बराच वेळ लावलास."

मग त्यांनी दोन्ही लेन्स दोन हातांत धरल्या, जणू वजन करत होते. "जी लपवली ती चांगली राहिली. जी कायद्याने ठेवली ती सडली. असं का व्हावं?"

पोकुआ आता हळू बोलत होती. "काचेला वारा आणि उजेड लागतो, नाना. ही वर्षातले दोन्ही पावसाळे बंद खोलीत होती. खिडकी?"

"खिडकीला मी खिळे ठोकले होते."

"मग तिथेच धरली. तुमच्या माणसाचा दोष नाही त्यात. मी बोलले ते परत घेते."

"म्हणजे कुलूपही मी लावलं आणि बुरशीही मीच लावली." म्हातारा बोळक्या तोंडाने हसला, पण डोळे हसत नव्हते. "आमच्या सार्फोने, या पोरीच्या मामाने, आयुष्यभर या काचा लेकरांसारख्या सांभाळल्या."

फ्रेमा म्हणाली, "आंटी, मी खोटं लिहिलं नव्हतं. वर्षभर कुलुपात होती, म्हणजे चांगलीच असणार, अशी मला खात्री वाटली."

"मलाही तीच वाटली," पोकुआ म्हणाली. "म्हणून तर घेतली. मयतांचे फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलं, वर्षभर कुलुपात काय असतं ते मी ओळखायला हवं होतं."

निवाडा व्हायला मग वेळ लागला नाही. सडकी लेन्स फ्रेमाने परत घेतली आणि पैसे तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. घराण्याच्या वतीने ओपानिननी पोकुआपुढे अंडी ठेवली. राग गेला असं म्हणायची ती रीत, आणि अंडी घेतली की तो विषय कुणी पुन्हा काढायचा नाही. पोकुआने घेतली.

"आणि मी 'चोर' म्हणाले त्याचं काय?" तिने विचारलं. "माझ्याकडे अंडी नाहीत."

"शनिवारी मामाची ही लेन्स घेऊन फोटो काढा," फ्रेमा म्हणाली. "छान काढा. रविवारी परत आणून द्या. झालं."

कंद कुटून केलेल्या फुफूचा गोळा आणि सूप खाल्ल्याशिवाय तिला सोडलं नाही, हे सांगायला नकोच. परतीच्या वाटेवर मांडीवर अंडी सांभाळत पोकुआने ग्रुपचा निरोप पुसून टाकला.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. अंडी ठेवता ठेवता तिची नजर पत्र्याच्या पेटीवर गेली, आणि तिने किल्ली काढली. कुलूप उघडेना, तेल सोडावं लागलं. तळाला मऊ कापडात, त्यावर आणखी एका कापडात, लग्नाची लेन्स होती. कुणाचा हात न लागलेली. तिने ती खिडकीकडे धरली.

पांढरे तंतू काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरले होते.

एकही नवरी त्या काचेतून दिसली नव्हती. मग तिने टॉर्च लावून लेन्सचा फोटो काढला आणि फ्रेमाला पाठवला. खाली लिहिलं, "ही माझी. जपून ठेवलेली." डोळे भरून आले.

थोड्या वेळाने उत्तर आलं.

"आंटी, आधी बसा. पाणी प्या. मग सांगा, काय झालं."