एकशे पस्तीसचा हात

आमच्या गावचा वाल्मीक दरेकर इंजिनेर झाला तेव्हा पारावर पहिला सवाल आला, "बनवतो काय रे तू? एकलहऱ्याला वीज बनवतो का सातपूरला मोटार?"

"बनवत काय नाय," वाल्मीक म्हणला. "एका माणसाला एका कामाला किती टाइम लागतो, तो मोजतो. मंग काम कसं सोपं करायचं, ते बघतो."

"हात्तिच्या! म्हणजे मुकादम! त्याच्यासाठी चार वर्षं नाशकात खानावळीचं खाल्लं व्हय?"

लोक हसले. त्यात वाल्मीकचा बापही हसला, ते मात्र त्याच्या लय दिवस ध्यानात राहिलं.

पण गडी कामाचा निघाला. नाशकातच अंबडच्या एका कारखान्यात लागला. मोटारीच्या डॅशबोर्डामागं वायरींचा जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात, तो बांधायचा हा कारखाना. हातात घड्याळ अन् पाटीवर कागद लावून वाल्मीक टेबलामागं उभा राहायचा. घड्याळ काय कुणीही दाबील. खरी विद्या पुढंच. दिवसभर न दमता चालंल त्या हाताला शंभर मानायचं. समोरचा रेंगाळत असला तर त्याला ऐंशी द्यायचे, पळत असला तर एकशेवीस, अन् त्या हिशोबानं घड्याळातला टाइम कमीजास्त करायचा. ह्याला रेटिंग म्हणतात. ते पुस्तकात असतं, पण येतं डोळ्यानं. वाल्मीकला ते घरच्या वावरात आलं. कांदालागणीला बायांची ओळ बसली, की कोणती बाई संध्याकाळपर्यंत टिकंल अन् कोणती दुपारीच कंबर धरंल, हे तो पोरवयापासून ओळखायचा.

कामगारांचाही एक रिवाज होता. मोजणारा आला की हात जड करायचा. सगळ्याच कारखान्यांत करतात. मोजणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, तो रेटिंग कमी देतो, अन् दोघांच्या मधी कुठंतरी खरा आकडा येऊन बसतो. बावीस वर्षं ह्याच्यावर निभलं. वाल्मीकच्या आकड्यावर कुणी थुंकलं नाय.

मंग दिवस पालटले. खात्यात नऊ माणसं होती, ती गळत गळत एकटा वाल्मीक उरला. घड्याळ गेलं, व्हिडिओ आला. पाठोपाठ खात्याचं नाव बदलून लांबलचक इंग्रजी नाव आलं. गेल्या दिवाळीनंतर दर टेबलावर कॅमेरा बसला, अन् कॅमेऱ्याबरोबर हर्षल आला. पोरगा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, बोलायला गोड. खुर्ची वाल्मीकची मोठी, पण मोठ्या साहेबाचा फोन हर्षलला यायचा.

पहिलं रेकॉर्डिंग नऊ टेबलांच्या एका ओळीचं ठरलं, टेबलाला एक बाई. चार नंबरला उज्वला होती. वाल्मीकच्या चुलतभावाची, दत्तूची बायको. माहेर येवल्याचं, लहानपणापासून पैठणीच्या कांड्या भरलेल्या, त्यानं बोटं विजेसारखी. चार वर्षांखाली वाल्मीकनंच तिला ठेकेदाराकडून लावलं होतं.

बाकीच्या आठ बायांनी रिवाजाप्रमाणं हात जड केले. उज्वलानं नाय केला. आपल्या भाऊजीच्या खात्याचं नवं मशीन आलंय, बघायला साहेब लोक आलेत, आपल्या माणसाची शोभा व्हायला नको, एवढंच तिच्या डोक्यात. दोन तास ती बाई पळाली. एकशे ऐंशी हार्नेस, एकेकाला चाळीस सेकंद.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर बघून वाल्मीकनं कपाळाला हात लावला. "हर्षल, हा हात एकशे पस्तीसचा हे. हिचे चाळीस म्हणजे बाकीच्यांचे चोपन्न. चोपन्न लाव."

"सर, रेटिंग म्हणजे तुमचं मत झालं ना. सिस्टिम मत घेत नाही, सगळ्यात कमी टाइम धरते."

"आरं, दोन तास पळाली ती. आठ तास कोण पळंल? बैल तरी पळंल का?"

"मग आठ तासांचं घेऊ. सोमवारी. डेटा काय म्हणतो ते बघू, सर."

वाल्मीकला वाटलं, जिंकलो. जेवणाच्या सुट्टीत त्यानं नळावर उज्वलाला गाठलं.

"वहिनी, सोमवारी जरा दमानं घ्या. चाळीस कायम झालं तर नवाच्या सात बाया होतील."

ती डबा धुवायची थांबली. "हात चोरू म्हणता? तुम्हीच?"

"चोरायचा नाय हो. चारचौघींसारखा चालवायचा."

"मला येत नाय तसं," ती म्हणली. "पण बघते. तुम्ही सांगू राहिले म्हणून."

खरंच येत नव्हतं तिला. सोमवारी टेप गुंडाळायची, थांबायची, उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. मधीच वर कॅमेऱ्याकडं बघायची. आठ तासांची सरासरी आली अठ्ठावन्न. पडद्यावर तिच्या हाताभोवती लाल चौकोन उमटला अन् खाली अक्षरं आली: जाणीवपूर्वक विलंब.

हर्षलच्या मनात काही काळं नव्हतं. तो खुशीनंच म्हणला, "बघा सर, तीच बाई, तेच काम. चाळीसात करू शकते, करत नाही. सिस्टिमनं बरोबर पकडलं."

वाल्मीकला एक वाक्य बोलायचं होतं: तिला मी सांगितलं होतं. ते वाक्य बोलला असता तर खात्यात एकटा हर्षल उरला असता. वाल्मीक सेहेचाळीसचा, ह्या वयात घड्याळवाल्याला कोण विचारतं? तो म्हणला, "बरं."

चाळीस कायम झाले. नवाच्या सात बाया झाल्या. गेलेल्या दोघींत पहिलं नाव उज्वलाचं, अन् नावापुढं शेरा: काम चोरते. तो कागद ठेकेदाराकडं गेला. त्या ठेकेदाराच्या बाया अंबडातल्या निम्म्या कारखान्यांत. कागदाखाली 'तपासले' म्हणून वाल्मीकची सही.

गेटावर शेजारच्या टेबलाच्या लताबाईनं उज्वलाला सुनावलं, "दिराची शोभा राखली ना बाई? आता मिरव. आम्ही मरतो चाळीसात."

पंधरा दिवसांनी उज्वला वाल्मीकच्या घरी आली. पाण्याचा तांब्या पुढं आला, त्याला तिनं हात लावला नाय.

"तीन कंपन्यांत जाऊन आले, भाऊजी. नाव सांगितलं की पुढचं बोलतच नाय कुणी. एक सांगा, तुमच्या डोळ्याला माझा हात केवढ्याचा दिसला व्हता?"

"एकशे पस्तीसचा."

"उगं तोंडदेखलं नाय ना?"

"बावीस वर्षांत असा हात बघितला नाय, वहिनी."

"मंग तेवढंच लिहून द्या. चार ओळी. खाली तुमची सही. मला काम नका देऊ, पण मी चोर नाय, एवढं कागदावर पाहिजे."

वाल्मीकनं मनात मांडलं. तिला एकशे पस्तीस लिहून दिले तर चाळीस खोटे ठरतात. चाळीस खोटे ठरले तर खालची सही खोटी ठरते. हा हिशोब त्यानं कॅमेऱ्याहून लवकर केला.

"बघतो, वहिनी," तो म्हणला.

आमच्याकडं 'बघतो' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

"बघा," ती म्हणली, अन् पायात चपला सरकवून जिना उतरली.

पत्र काही गेलं नाय. उज्वला आता लासलगावच्या अंगाला एका कांद्याच्या खळ्यावर निवडायला बसते. अंबडला पुन्हा गेली नाय. दत्तूच्या पोरीच्या साखरपुड्याचं वाल्मीकला सांगणं आलं. वाढताना उज्वला त्याच्या ताटापाशी आली, पुरी टाकली, वर न बघता पुढच्या पानाकडं गेली.