भोंग्याची गोळी

ते भांडण बादलीमावशीनं मुद्दाम ऐकलं नव्हतं. ती दवाखान्याची फरशी पुसत होती आणि आत कारकून आणि नर्सबाई हमरीतुमरीवर आले होते. आता कानाला काही झाकण नसतं.

“नवऱ्याची सही नाही, तर पोट न राहायच्या गोळ्या नाहीत,” कारकून म्हणत होता. “उद्या ते नवरे माझ्याच टेबलावर मुठी आपटायला येतील.”

“अहो, नवऱ्याला विचारायची सोय असती तर त्या पदराआड तोंड लपवून कशाला आल्या असत्या? आणि बिनलग्नाच्या पोरींनी कुणाची सही आणायची? तुमची?”

कारकुनाचा चेहरा पडला, पण नियम काही हलला नाही. नर्सबाई तणतणत बाहेर आल्या आणि त्यांची नजर मावशीच्या बादलीवर गेली.

“मावशी, तुम्ही त्या कपडे शिवायच्या कारखान्यातल्या बायकांच्या खोल्यांजवळच राहता ना?”

त्या दिवसापासून गोळ्यांची पाकिटं बादलीतल्या फडक्याखाली लपून खोल्यांत जाऊ लागली. म्हणून ती बादलीमावशी. एकेका खोलीत चार-चार जणी, नाहीतर नवरा-बायको आणि लेकरं. पोरी लांबून पोटासाठी आलेल्या, आणि दवाखाना बंद झाल्यावर यांची कारखान्यातून सुटका होणार. मग दवाखान्यानंच त्यांच्याकडे जावं, हे बरं.

नर्सबाईंनी बजावलं होतं, “रोज ठरल्या वेळेला एक. आणि नुसतं कधी घ्यायची ते सांगू नका, रोज का घ्यायची तेही सांगा. राहिली तर काय करायचं, तेही.”

मावशीनं मान डोलावली. पण मनात म्हणाली, या पोरींना एवढं कुठलं कळायला! स्वतः दुसरीत शाळा सोडलेली, पण दुसऱ्याची अक्कल मोजायला कुठं शाळा लागते! घड्याळ कुणाकडे नव्हतं. तिनं सोपं करून टाकलं: सकाळचा भोंगा वाजला की गोळी गिळायची, भोंग्याआधी नाही, नंतर नाही. कारखान्याचा भोंगा सुट्टीच्या दिवशीही वाजायचा. मावशीला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

त्या पोरींत एक सुतळी होती. अंगानं सुतळीसारखी, म्हणून सगळ्या तसंच म्हणायच्या. एकोणीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. “हिच्या अंगात रक्त नाही. इतक्यात तिसरं नको, जिवावर बेतेल,” असं नर्सबाईंनी मावशीला सांगितलेलं. सुतळी शिवलेल्या कपड्यांचे दोरे कापायची, पण मशीनवर बसायला शिकत होती. पुढच्या महिन्यात तिला मशीन मिळणार होतं.

आणि कारखान्याचा बॉयलर बिघडला. आठ दिवस काम बंद आणि वाफेवरचा भोंगाही मुका. नवरे दिवसभर घरात. मावशीनं विचार केला, आपणही जरा पाय पसरावेत, आणि ती लेकीकडे जाऊन राहिली. छान झोपली, छान जेवली. ते आठ दिवस पुढं जन्मभर तिच्या घशाखाली उतरले नाहीत.

दोन महिन्यांनी सुतळी दवाखान्याच्या दारात आली. “मावशी, पाळी आली नाही गं.”

“गोळी चुकवलीस?”

“एक नाही चुकवली. भोंगा वाजला की घेतली. मधे आठ दिवस वाजलाच नाही, मग कशी घेणार? तूच म्हणालीस ना, भोंग्याआधी नाही, नंतर नाही?”

मावशीनं फडकं टाकलं आणि खोलीखोलीत जाऊन विचारलं. बाकीच्यांनी अंदाजानं घेतल्या होत्या. जिनं तिचा शब्द न् शब्द पाळला, तीच अडकली.

नर्सबाई सुतळीला गर्भ काढायला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाल्या होत्या. तिची सासू आडवी आली, जाऊच दिलं नाही. सुतळी बाळंतपणातून वाचली, पण इतकं रक्त गेलं की जिन्यावर धरून चढवावं लागायचं. मशीनवर दुसरीच बसली. नवऱ्यानं तिला गावी पाठवायचं ठरवलं, तेव्हा मावशी सामान बांधू लागायला गेली.

“माझ्यावर रागावलीस?”

सुतळी तान्ह्याला थोपटत होती. “राग नाही गं. पण रोज का घ्यायची ते सांगितलं असतंस तर मला कळलं असतं. मी काही बिनडोक नाही.”

गाठोड्याची गाठ मावशीनं तीन वेळा बांधली आणि सोडली.

पुढं सोळा वर्षं तिनं ‘भोंगा’ हा शब्द तोंडातून काढला नाही. प्रत्येक उंबऱ्यावर बसून गोळी पोटात जाऊन काय करते ते सांगायची, आणि मग पोरीकडून वदवून घ्यायची. सगळं बरोबर आल्याशिवाय बूड हलवायची नाही. पोरी हसायच्या, “मावशी, परीक्षा घेतेस की काय?” “घेते तर! नापास झालीस तर पास करायला पुढच्या आठवड्यात पुन्हा येते.” सुतळीचा मात्र पुढं कधी निरोप आला नाही.

मावशी वारली त्याच्या आदल्या संध्याकाळीही ती पार वरच्या मजल्यावर गेली होती. छातीत दुखत होतं, तीन वेळा जिन्यात टेकली. नवी पोर दाराशी उभी. पाकीट देऊन, सगळं सांगून मावशी म्हणाली, “आता तू सांग. एक दिवस राहिली तर?”

“आठवली की लगेच घ्यायची.”

“दोन-तीन दिवस राहिली तर?”

“नर्सबाईंना गाठायचं. आणि तोवर...” पोर लाजली.

“तोवर काय? लाजून पोट राहायचं थांबत नाही.”

“तोवर नवऱ्याला लांब ठेवायचं.”

“शाबास! आणि का?”

पोरीनं सांगितलं, पण मधेच अडखळली. मावशी उंबऱ्यावर परत बसली. “घाई नाही. पहिल्यापासून सांग.”