शेजारच्यांकडची किल्ली
फिशटँकचा फिल्टर धुवायला काढला की शेवाळाचा ओला वास घरभर पसरतो आणि मला ते महिने आठवतात, जेव्हा आमची लेक रक्ताच्या कॅन्सरसाठी हॉस्पिटलमध्ये होती आणि संध्याकाळी फोनवर घरचे मासे बघितल्याशिवाय जेवत नव्हती. मासे जगवायचेच, असं मी ठरवलं होतं. मग तिचा ताप वाढला आणि आम्ही दोघंही तिथेच अडकलो. बायको तिला जुने व्हिडिओ दाखवत असेल, असं मी धरून चाललो होतो. कपडे न्यायला लंडनमधल्या इल्फर्डला घरी आलो, तर टँकपाशी शेजारचे काका उभे, बूट दाराशी काढलेले, हातात बादली. यांनीच कुंपण फूटभर माझ्या बागेत सरकवलं होतं आणि वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. बायकोनं मला न विचारता किल्ली दिली होती. मी ओरडलोच, "नळाचं पाणी तसंच ओतताय? क्लोरिननं मरतील सगळे!" "हळू बोल, मासे दचकतात," काका म्हणाले. "औषध घातलंय पाण्यात. तुझी लेक व्हिडिओ कॉलवर बघतेय, तुझ्यापेक्षा कडक आहे." तेवढ्यात टँकला टेकवलेल्या फोनमधून तिचा थकलेला आवाज आला, "बाबा, आजोबांना करू दे ना! तू पाणी खूप फास्ट ओततोस." मी टॉवेल घेऊन काकांशेजारी उभा राहिलो. आता ती बरी होऊन शाळेत जाते. कुंपण अजून माझ्या बागेतच आहे आणि त्यावरून आमचं अजूनही वाजतं, पण ती किल्ली मी कधी परत मागितलेली नाही.