परक्या हातचं पाणी

दार वाजवलं की तो लगेच पायरी उतरून खाली जायचा आणि उन्हात उभा राहायचा. हात मागे, मान जराशी वाकलेली. दार उघडणाऱ्याला भीती वाटू नये म्हणून, असं तो सांगायचा. मी उभा जन्म दारोदार बांगड्या विकल्या. दार उघडलं की पाय उंबऱ्याशी ठेवायचा आणि पेटी टेकवायची, हे मला सासूनं शिकवलं. पेटी टेकली की बाई निदान रंग तरी बघते. मागे सरणाऱ्याला घरात कोण घेणार?

"तुले धंदा येत नाही," मी त्याला सांगितलं.

"हा धंदा नाही, आजी."

"मंग त्याहून कठीण हाय."

असे लोक तुम्हीही पाहिले असतील. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात टाय, हातात लहानसं पुस्तक. दोघं आले होते, मिझोरामचे. मिसरूड फुटलं न फुटलं असं वय. त्यांच्या चर्चनं त्यांना दोन वर्षांसाठी राजूरला धाडलं होतं, आपल्या देवाबद्दल सांगायला. माझी मागची खोली रिकामी होती, ती मी दिली. शेजारच्या बाया म्हणाल्या, बाटवतील तुला. मी म्हटलं, या वयात मला बाटवून कोणाला काय मिळणार.

राजूरला पांढरा शर्ट पुढारी घालतो नाहीतर नवखा. इथं एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला चुन्याच्या भट्ट्या. दोरीवरचं कापड वाळेपर्यंत पुन्हा मळतं. दोघांतला हा रोज शर्ट धुवायचा, रोज इस्त्री करायचा आणि रोज संध्याकाळी कॉलर काळी करून यायचा.

लोकांनी त्याचे हाल केले, हे सांगायलाच हवं. पोरं "ए चायना" म्हणत मागे लागायची. तो थांबून म्हणायचा, "मी भारताचाच आहे," आणि पोरं आणखी हसायची. एकीनं भांडी धुतलेलं पाणी पायरीवर फेकलं, तो खाली उभा होताच, गुडघ्यापर्यंत भिजला. एका माणसानं त्याला "ये, बस" म्हणून आत घेतलं, स्वतःचीच भजनं तासभर ऐकवली आणि याचं ऐकायची वेळ आली तेव्हा झोप येते म्हणाला. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेला तर तिथं त्याला भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. पोटभर जेवू दिलं आणि मग नायकानं हात जोडून सांगितलं, "आमचा देव हाय आमच्यापाशी. आता तू जाय."

"मग?" मी विचारलं.

"चांगले लोक आहेत. जेवायला दिलं."

"अन् तुहा देव?"

"आज नको म्हणाले. उद्याचं काही बोलले नाहीत."

हे त्याचं ठरलेलं होतं. उद्याचं काही बोलले नाहीत. मला राग यायचा. गिऱ्हाईक "आज नको" म्हणतं तेव्हा ते कधीच नको म्हणत असतं. हे मी परकर-पोलक्यात सासरी आले तेव्हापासून मला कळतं.

उन्हाळ्यात त्याच्या जोडीदाराला कावीळ झाली आणि त्याचे लोक येऊन त्याला घेऊन गेले. हा एकटा राहिला. त्यांचा एक नियम होता, एकट्यानं कोणाच्या दारात जायचं नाही. दुसरा जोडीदार येणार होता, तो काही आला नाही. मग हा खोलीत बसून राही. शर्ट घातलेला, टाय बांधलेला, आणि जायला कुठे नाही. कोंबडी अंड्यावर बसते तसा.

एक दिवस त्यानं फोनवर त्याच्या वरच्या माणसाला विचारलं आणि माझ्याकडे आला. "कोणी वडीलधारं सोबत असेल तर चालेल म्हणाले. आजी, तुम्ही चला ना."

"मी तुह्या देवाचं एक अक्षर बोलणार नाही."

"नका बोलू. फक्त बसा."

"अन् माही पेटी?"

"मी धरतो."

असे आम्ही निघालो. तो पेटी डोक्यावर घेऊन पुढे आणि मी गुडघे धरत मागे. बाया हसून लोळायच्या. "काय व मावशे, टायवाला कासार कुठून आणला?" हसता हसता हात पुढे करायच्या. माझा धंदा वाढला. त्याचा होता तिथंच राहिला. मी बांगड्या भरायचे, तो खाली उन्हात उभा. बांगड्या भरून झाल्या की बाई मला वाकून नमस्कार करते, तशी रीत आहे. त्याला पहिल्यांदा वाटलं, मीच कोणीतरी पुजारी आहे.

त्याला आत बोलावणारा एकच माणूस निघाला. दौलत म्हातारा. जन्म कोळशाच्या खाणीत गेला आणि आता छातीत भाता फुटल्यासारखा आवाज यायचा. दोन वर्षांपासून खाटेवर. मुलगा सुधाकर खाणीतच कामाला, सून घरातल्या कामात. म्हाताऱ्याजवळ बसायला कोणाला वेळ नव्हता. मी कोणाला दोष देत नाही. खाटेवरचं माणूस सगळ्यांचा जीव खातं.

दौलत म्हणाला, "पुस्तक वाच. देवाचं असो का भुताचं, घरात आवाज पाह्यजे."

मग रोज दुपारी आम्ही जाऊ लागलो. मी उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसायचे, तो खाटेजवळ जमिनीवर. त्याचं मराठी वाचन म्हणजे खडीच्या रस्त्यावरची बैलगाडी. म्हातारा डोळे मिटून ऐकायचा. तो वाचायचा थांबला की डोळे उघडायचे.

आठवडाभरानं यानं विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं या देवाबद्दल?"

"उद्या सांगतो," दौलत म्हणाला.

घरी येताना याचा चेहरा बघण्यासारखा होता. "आजी, उद्या सांगणार आहेत."

दौलत धूर्त होता. उत्तर दिलं तर हा यायचा बंद होईल, हे त्याला कळत होतं. रोज तो "उद्या सांगतो" म्हणायचा आणि रोज हा जायचा. सहा महिन्यांत राजूरमध्ये याला एवढंच मिळालं होतं.

मग सुधाकरच्या मेहुण्याचं लग्न निघालं, यवतमाळला. सारं घर गेलं. दोन दिवसांत येतो म्हणाले आणि म्हाताऱ्याकडे लक्ष ठेवायला शेजाऱ्याला सांगून गेले. शेजारी विसरला. आम्ही दुपारी गेलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि पाण्याचा लोटा कोनाड्यात, खाटेवरून हात पोचणार नाही असा. दौलतचे ओठ पांढरे पडले होते. श्वास एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. मी अशी माणसं पाहिली आहेत. काय चाललंय ते मला उंबऱ्यातूनच कळलं.

"पाणी," दौलत म्हणाला.

मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी पोटच्या पोरानं घालायचं. आमच्याकडे हे लेकरालाही माहीत असतं. याला माहीत नव्हतं. यानं लोटा घेतला, म्हाताऱ्याची मान मांडीवर घेतली आणि बोटं बुडवून थेंब थेंब पाजू लागला. मी अडवलं नाही. तहानलेल्याला रीत काय सांगायची.

"अजून," दौलत म्हणाला. थोडं प्याला. मग गेला.

यानं बाटवायचा मंत्र म्हटला नाही, कपाळाला तेल लावलं नाही, पुस्तक उघडलं नाही. मी तिथंच होते. बराच वेळ मान मांडीवर घेऊन बसला आणि शेवटी मला विचारलं, "आजी, आता काय करतात?"

मी त्याला सुधाकरला फोन लावायला सांगितलं.

सुधाकर रात्रीपर्यंत पोचला. सकाळी तिरडी बांधायला माणसं जमली तोवर गल्लीभर झालं होतं की टायवाल्यानं दौलतला बाटवून मारलं. हा धुतलेला शर्ट घालून खांदा द्यायला आला. त्याला कोपऱ्यावरच अडवलं. ढकललं. तो पडला, उठला, आणि तिरडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलानं आम्हाला सुधाकरच्या दारात बोलावलं. पन्नासेक माणसं होती. सुधाकरनं डोकं भादरलेलं.

"मावशी, तू होती ना तिथं? तू काहून नाही पाजलं?"

"माहे गुडघे उठू देत नव्हते, अन् तुह्या बापाची तहान थांबत नव्हती. तू कुठं होता?"

सुधाकरचं तोंड काळवंडलं. हे बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल, पण खरं ते खरं.

पाटील म्हणाला, "हे पाह्य सुधाकर, तुही तक्रार नसन तर मी सर्वांच्या समोर सांगतो, पोट्टा इथंच राहीन. तक्रार असन तर याले आजच राजूर सोडा लागन. तू म्हणशीन तसं."

सुधाकर याच्याजवळ आला. मला वाटलं, मारतो आता. पण त्याचा आवाज अगदी बारीक निघाला.

"बापानं माहं नाव घेतलं काय?"

मला लगेच कळलं. एक "हो" पुरे होतं. हो म्हटलं की सुधाकर सुटणार होता, हा राहणार होता, माझ्या खोलीचं भाडं चालू राहणार होतं. कोणाचं काही जात नव्हतं. मी याच्या मागे उभी होते. पाठीत चांगला चिमटा काढला.

तो सुधाकरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही. पाणी म्हणाले. मग अजून म्हणाले. नाव नाही घेतलं."

सुधाकर घरात गेला आणि दार लावून घेतलं.

"न्या त्याले," पाटील म्हणाला.

घरी आल्यावर मी त्याला खूप बोलले. "एक शब्द खोटा बोलला असता तर तुह्या देवाची टाच दुखली असती काय?"

"त्यांच्या वडिलांचे शेवटचे शब्द होते, आजी. मी कसे बदलणार?"

"मंग आता जाय."

"हो," तो म्हणाला आणि कपड्यांच्या घड्या घालू लागला. त्या दिवशी पहिल्यांदाच उद्याबद्दल काही बोलला नाही. दुपारच्या ऑटोत बसला. गल्लीतली दारं बंद होती. मीही ऑटो वळेपर्यंतच उभी राहिले, चुलीवर भात होता.

पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. फोन आला नाही, मीही केला नाही. खोली एका ट्रक ड्रायव्हरला दिली.

दौलतची तेरवी होऊन महिना झाला असेल. सुधाकर एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. ड्युटीचे कपडे अंगावर, हातात डबा.

"बायकोले बांगड्या पाह्यजे काय?" मी विचारलं.

"नाही." मग म्हणाला, "कुठं गेला तो?"

"मले काय माहीत."

तो डब्याची कडी उघडत लावत बसला.

"पाणी देताना बापाची मान कोणी धरली होती?"

"त्यानंच. मांडीवर घेतली होती."

"ठसका लागला काय?"

"नाही. थेंब थेंब पाजलं."

सुधाकरनं मान हलवली. पुन्हा एकदा विचारलं, "ठसका नव्हता ना लागला, मावशी?"

"नाही म्हटलं ना."

तो उठला, चपला घातल्या आणि ड्युटीवर गेला.