पाण्याखालचा बुडबुडा

माझ्याबरोबर कामाला असलेल्या ताईला अख्खं इस्पितळ बुडबुडेबाई म्हणतं. तिचं नि माझं काम एकच: रोग्यांच्या पोटात, छातीत घालायच्या कॅमेऱ्याच्या नळ्या धुवायच्या. बिनखिडकीची खोली, औषधाचा उग्र वास, उभं राहून राहून पाय भरून येतात. मी चिडते, तोंड चालवते. ताई मुकाट राबते.

धुण्याआधी नळीत हवा भरायची आणि ती पाण्यात बुडवायची. बुडबुडे आले की समजायचं, कुठेतरी भोक आहे. भोकातून घाण आत शिरते, धुऊनही निघत नाही आणि पुढच्याला बाधते. अशी नळी बाद. ताई पाण्याकडे इतका वेळ टक लावून बघते की मला वाटतं, हिला उभ्या उभ्या डुलकी लागली.

त्या सकाळी बाहेर बाकावर तिचा धाकटा भाऊ बसला होता, उपाशीपोटी. खोकल्यातून रक्त पडत होतं आणि फुप्फुसात पार आतवर डाग दिसला होता. तिथवर पोचणारा प्रोब आमच्याकडे एकच, सुतळीएवढा बारीक, टोकाला इवलासा कॅमेरा. आई गेल्यावर ताईनेच वाढवलेला हा बाप्या, पण सुई दिसली की धूम ठोकणारा. बिचारीने किती विनवण्या केल्या, तेव्हा कुठे आला होता.

आधीच्या रोग्याचं आटोपलं आणि प्रोब आमच्याकडे आला. ताईने तो पाण्यात धरला. टोकापाशी एक बुडबुडा चिकटला. तिने बोटाने पुसला. तिथेच दुसरा आला.

"राहू दे की," मी म्हटलं. "एवढंसं तर भोक! आजचा दिवस निभावेल."

"आणि आधीच्याची घाण ह्याच्या छातीत सोडू?"

"घाण बाधली तर तिला औषध आहे गं बाई! त्या डागाला काय आहे? आज परत गेला, तर हा पुन्हा हाती लागायचा नाही."

"ते काय मला कळत नाही?" ताई म्हणाली आणि प्रोबला लाल पट्टी बांधली. माझं डोकंच फिरलं. मला तर अजूनही वाटतं, तिने डोळेझाक करायला हवी होती.

भावाला सांगायलाही तीच गेली. "आज होत नाही रे. कॅमेरा बिघडलाय, दुरुस्तीला वेळ लागेल. डॉक्टर दुसऱ्या इस्पितळाची चिठ्ठी देतायत. उद्याच जाऊ."

"म्हणजे आज नाही? सुटलो बुवा!" त्याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "चल, आधी चहा पाज. पोटात कावळे ओरडतायत."

कँटीनमध्ये त्याने चहात पाव बुडवून खाल्ला, डॉक्टरांची नक्कल केली, आम्हाला हसवलं. "उद्याचं नको गं ताई, बघू पुढे," म्हणाला आणि झपझप निघूनही गेला.

ताई त्याच्या उष्ट्या कपाकडे बघत बसली. "किती दिवसांनी असा हसला गं," म्हणाली आणि तिला रडू फुटलं.