सोनीचा खरवस

माणसांचे डॉक्टर निवृत्त झाले की त्यांना तोंड बंद ठेवावं लागतं. पेशंटची गुपितं असतात ना! आम्हा गुरांच्या डॉक्टरांचं बरं असतं. गाय काही अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही. त्यामुळे चार मित्र जमले, चहा आला की मी सुरू होतो, आणि एक किस्सा सांगताना त्याच्या मागचे आणखी दोन आठवतात.

त्यातले बरेचसे एकाच दवाखान्यातले आहेत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना होता. माणसं दोनच, मी आणि मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर दत्ताराम. मी सांगलीकडचा, नवा कोरा, डोक्यात सगळी पुस्तकं ताजी. दत्ताराम तिथलाच, पंचवीस वर्षं गुरांत काढलेला. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की दवाखाना कोण चालवतो ते!

* * *

गाईला खायला काय घालता, असं विचारलं की प्रत्येक मालक छातीठोकपणे सांगायचा, "सगळं घालतो!" मी कार्डावर लिहायचो, 'आहार उत्तम'. आणि समोर जी गाय उभी असायची तिच्या बरगड्या लांबून मोजता यायच्या.

एकदा दत्तारामला राहवलं नाही. तो पुढे झाला. "काल सांजचं काय घातलंत?"

"पेंढा."

"आज सकाळी?"

"पेंढा."

"मग सगळं म्हणजे काय?"

मालक जरासा दुखावलाच. "दोन परकारचा हाय ना! गेल्या सालचा आनि औंदाचा!"

मी कार्डावरचं 'उत्तम' खोडलं. भाताच्या काडीवर गाय जगते, पण दूध आणि वासरू दोन्ही त्यातून निघत नाहीत. हे पटवण्यात माझी पुढची पाच वर्षं गेली.

* * *

सोनी ही आमच्या भागातली पहिली जर्सी संकरित गाय. ती सरूवहिनींची. वहिनी म्हणजे पस्तिशीच्या, चुणचुणीत, एक मुलगी पदरात. नवरा अनंत मुंबईत एका छापखान्यात. शिमग्याला आणि दिवाळीला यायचा, एरवी पत्रं यायची. वाडीतले लोक त्या तांबूस गाईला बघायला मुद्दाम यायचे आणि वहिनी गोठ्याच्या दारात उभ्या राहून माहिती द्यायच्या.

श्रावणात सोनी तिसऱ्या वेताला व्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींकडून दवाखान्यात खरवस आला. वेलची, जायफळ, गूळ, काय सांगू! मी आणि दत्तारामनं ताटली पुसून खाल्ली. बोटं चाटत होतो तेवढ्यात वाडीतला शेजारी धापा टाकत आला. "डाक्टर, सोनी पडली! मान वळवून बसलीय, कान गार पडलेत!"

मी जागच्या जागी समजलो. व्याल्यावर गाईच्या रक्तातलं कॅल्शियम दुधात उतरतं, आणि सड एकदम रिकामे केले की ती कोसळते. वाडीत प्रत्येक घरी खरवस पोचलाच पाहिजे, नाहीतर गाईला नजर लागते, असा तिथला रिवाज. वहिनींनी शेवटच्या थेंबापर्यंत चीक काढला होता. म्हणजे सोनीचं कॅल्शियम आमच्या पोटात होतं आणि आम्ही बाटलीतलं कॅल्शियम घेऊन तिच्याकडे धावत होतो!

गोठ्यासमोर अख्खी वाडी जमली होती. कोमट केलेली बाटली शिरेतून हळूहळू सोडली, एक कान सोनीच्या काळजाच्या ठोक्यांकडे. वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. थोड्या वेळानं सोनी थरथरली, ढेकर दिला, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. वाडीतली एक म्हातारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बाटली तुमची चांगली हाय हो डाक्टर. पन नारळ आमी आधीच उतरवला व्हता!"

घाम पुसत मी वहिनींना फैलावर घेतलं. पुढच्या वेळी पहिले दोन दिवस निम्माच चीक काढायचा, निम्मा सडात ठेवायचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे खरवस निम्मा. मग वाटताना कुठचं घर वगळू, तेवडं सांगा."

मी बॅग आवरायला लागलो.

* * *

दत्तारामचं नाक हा एक स्वतंत्र विषय आहे. व्याल्यावर दूध भरपूर आणि खाणं अपुरं पडलं की गाय स्वतःची चरबी जाळते, आणि तिच्या श्वासाला एक गोडसर वास येतो. दत्तारामला तो फाटकातून यायचा. मी नळ्या-रसायनं काढेपर्यंत हा निदान सांगून मोकळा. "साहेब, हिला गूळपाणी पाजा."

एके दिवशी मुंबईहून सुट्टीला आलेल्या एक बाई कुत्र्याला घेऊन आल्या. बाईंनी येण्याआधी नखांचा रंग औषधानं पुसून काढला असावा, आणि त्या औषधाचा वासही तसाच गोडसर. दत्तारामनं मला बाजूला घेतलं. चेहरा गंभीर.

"साहेब, कुत्रं ठणठणीत हाय. पन बाईंना गूळपाणी द्या. लई अशक्त हायत!"

* * *

सोनी दुधाला उत्तम निघाली, पण पौष लागला तरी माजावर येईना. व्याल्याला पाच महिने होत आले होते. मुंबईहून पत्र आलं ते वहिनींनी मलाच वाचायला दिलं. अनंतनं लिहिलं होतं की शिमग्यापर्यंत गाय गाभण राहिली नाही तर विकून टाकू, मग तू आणि पोर मुंबईला चला.

"मुंबई वाईट नाही हो वहिनी," मी उगीच म्हणालो.

"वाईट कोन म्हनतंय? पन तिथं मी कोन? हितं सोनी हाय, म्हनून मी हितं हाय."

मी त्यांना समजावलं. गाईचं अंग आधी जीव सांभाळतं, मग दूध देतं, आणि उरलं तरच दुसऱ्या वासराचा विचार करतं. अंगावर मांस चढल्याशिवाय माज येणार नाही. मी कागदावर आहार लिहून दिला. पेंड, हिरवा चारा, उकडलेले कुळीथ, खनिजाची पावडर. अक्षर सुंदर काढलं होतं.

पंधरा दिवसांनी गेलो तर सोनी भरलेली दिसत होती. मी खूश! वहिनींची मुलगी अंगणात बसली होती. तिला विचारलं, "काय गं, आज काय जेवलीस?"

"भात आनि मीठ. कुळीथ सोनीचे हायत."

वहिनींनी तिला आत हाकललं आणि मला चहा दिला. बिनदुधाचा. माझ्या त्या सुंदर अक्षराची मला त्या दिवशी फार लाज वाटली.

* * *

आठवड्यात सोनी माजावर आली, आणि नेमका वीर्य गोठवून ठेवायच्या आमच्या डब्यातला द्रव नायट्रोजन संपलेला! कृत्रिम रेतन करायचं तर गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या रत्नागिरीहून आणायला हव्यात, त्याही त्याच दिवशी. दत्तारामनं एसटी पकडली आणि परतताना तो वाफाळणारा डबा मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर घाबरला.

"आत काय आहे?"

"बैल."

"एसटीत बैल चालत नाही!"

"एक नाय वो," दत्ताराम शांतपणे म्हणाला, "चाळीस हायत!"

कंडक्टरनं त्याला भर रस्त्यात उतरवलं. शेवटचे तीन मैल दत्ताराम तो डबा डोक्यावर घेऊन चालत आला. दवाखान्यात वहिनी सोनीच्या गळ्यात हात टाकून सकाळपासून उभ्या होत्या. काम झालं तेव्हा ऊन उतरलं होतं.

* * *

शिमग्याला अनंत आला तो थेट दवाखान्यात, सोनीला घेऊन. मागून वहिनी. रेतनाला जेमतेम दोन महिने झाले होते. मी हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं. गर्भाशयाचा एक फाटा किंचित जाड लागत होता. खोटं बोलायचा मोह झाला, कबूल करतो.

"गाभण वाटते," मी म्हणालो. "पण महिन्यानं पुन्हा बघायला हवं."

"वाटते म्हंजे काय, डाक्टर?"

माझ्या आधी दत्ताराम बोलला. "तू पत्रात 'गनपतीला येतो' लिवतोस ना? त्यापरीस जास्त खात्रीचं!"

अनंत आधी चिडला, मग हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या हातातलं दावं आपल्या हातात घेतलं आणि घरची वाट धरली. महिन्यानं मी पुन्हा तपासलं. गाभण होती.

* * *

दिवाळीच्या तोंडावर सोनी व्याली, असं कानावर आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अनंतच फाटकातून आत येताना दिसला. "दत्ताराम, कॅल्शियमची बाटली गरम पाण्यात ठेव!"

"पडली का?" मी ओरडलोच.

"कोन? सोनी? उभी हाय की. पाडी झालीय, ढुशा मारून पितेय." त्यानं टेबलावर एक छोटा डबा ठेवला. "तुमचा खरवस. पाठवलाय तिनं."

दत्तारामनं झाकण काढलं. दोन बोटांएवढी एक वडी, पण वेलचीचा वास खोलीभर.

"चीक निम्माच काढला ना?"

"निम्माच. सोनीजवळ बसून राह्यली, कुनाला हात लावू दिला नाय."

"मग वाडीला पुरला कसा?"

"एक घर वगळलं."

मी खुर्चीत सावरून बसलो. सव्वा वर्ष तो प्रश्न माझ्याकडे पडून होता. "कुणाचं?"

अनंत डब्याकडे बघत म्हणाला, "आमचं. डाक्टर, मी रजा टाकून खरवसाला आलो व्हतो!"

दत्तारामनं चमचा धुतला, पुसला आणि डबा त्याच्यापुढे सरकवला. अनंतनं चमचा वडीपर्यंत नेला. मग त्यानंच झाकण लावलं.

"नको वो. वेलचीचा वास तोंडाला राहतो. ती वळखेल."