वाचलेले शाळेत आणावे

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी सव्वाआठ वाजता सांगलीतल्या एका कॅथलिक शाळेच्या व्हरांड्यात चार पोती पुस्तकं आणि रद्दी जमा झाली. अपेक्षा तांदळाची होती. घोटाळा एका वाक्याने झाला आणि ते वाक्य माझं होतं.

मी तेव्हा इथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मुलगी त्या शाळेत पाचवीत होती. मुख्याध्यापिका सिस्टर मूळच्या केरळच्या, त्याच वर्षी पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेतून बदलून आलेल्या. तिथे सूचना इंग्रजीत निघत. इथे मराठीत काढायची म्हणून सोमवारी त्यांनी मला कागद दाखवला. "सर, माझं मराठी जरा तपासून द्या."

कागदावर लिहिलं होतं की सध्या लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, सुरू आहेत. या काळात आम्ही खाण्यापिण्यात कमी करतो आणि त्यातून वाचतं ते गरजूंना देतो. ज्यांची इच्छा असेल त्यांनी शुक्रवारी घरी एका वेळी साधंच जेवावं आणि त्यामुळे वाचलेले मूठ-दोन मूठ तांदूळ मुलांबरोबर पाठवावेत. ते वृद्धाश्रमात त्याच दुपारी शिजतील. मराठीत चूक एकही नव्हती, फक्त मजकूर लांब होता. मी आठ शब्द ठेवले: ‘शुक्रवारी सर्वांनी उपवास करावा आणि वाचलेले शाळेत आणावे.’

"तांदूळ गेले?" सिस्टरांनी विचारलं.

"संदर्भाने कळतं," मी म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी वर्गाच्या आयांच्या ग्रुपवर चर्चा झाली. मी ड्युटीवर निघताना बायको ती वाचून दाखवत होती. ख्रिश्चन उपवासाला भगर चालते का? कोथिंबीर आमच्यात चालत नाही, त्यांच्यात चालत असेल. शेंगदाण्याची आमटी डब्यातून सांडते, त्यापेक्षा लाडू द्या. उपवास सोडायचा कधी? शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. सिस्टर त्या ग्रुपवर नव्हत्या. बायकोने साबुदाणा भिजत घातला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे उपवास म्हणजे तोच.

शुक्रवारी सकाळी मी दाढी करत असताना मुलगी दारात आली. "बाबा, वाचलेलं सगळं न्यायचं?"

"सगळं."

"मागच्या वर्षीचंसुद्धा?"

"जे वाचलं असेल ते," मी म्हणालो. तोंडाला फेस होता.

साडेआठला सिस्टरांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, पोत्यांतलं एकेक काढून बाकावर मांडत होते. चांदोबाछाप गोष्टींची पुस्तकं, चौथीची गाइडं, हळदीच्या बाजारभावाची जुनी वर्तमानपत्रं. त्यांत आमच्या दैनिकाचे अंक बरेच होते.

"सर," सिस्टर म्हणाल्या, "हे वाचलेलं आहे. मला वाचवलेलं हवं होतं."

मी तांदळाचं पोतं लगेच आणून देतो म्हणालो.

"ते तुमचं पोतं झालं. मी वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना शब्द दिलाय की आज मुलं स्वतःच्या खाण्यातलं देणार. त्यांनी सकाळपासून चूल पेटवलेली नाही. साडेबाराला पानं मांडतील."

मामांनी पुस्तकं खाली ठेवली. "आवं सिस्टर, पोरांचं डबं बघितलं का? आज लय जड हायती. माझ्या हातानं रांगेत लावल्यात."

सिस्टर पाचवीच्या वर्गात गेल्या, मी मागोमाग. डबे उघडले. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. एका डब्याला चौथा पुडा जोडलेला होता. दोन जैन मुलींकडे डबाच नव्हता, गरम पाण्याच्या बाटल्या होत्या. त्यांच्या घरी उपवास म्हणजे तेवढंच. सिस्टरांनी त्यांच्या घरी फोन लावला. दोघींनी स्वतःच हट्ट धरला होता आणि आया दहा वाजता न्यायला येणार होत्या.

"अर्धा डबा कोण देईल?" सिस्टरांनी विचारलं.

मग शेवटच्या बाकावरचा, उसाच्या मळ्यातून येणारा एक मुलगा उठला.

"सिस्टर, अर्धा म्हंजे लाडू धरून?"

"धरून."

"मग खिचडी समदी घ्या. लाडू ऱ्हाऊ द्या."

"तुला जास्त काय आवडतं?"

"लाडू."

"मग तोच द्यायचा असतो."

"ह्यो कुठला नियम?" तो शेजारच्याला म्हणाला. शेजारचा म्हणाला, "दे की रं गड्या, लोक बघाय लागल्यात." त्याने दोन्ही लाडू दिले आणि झाकण जोरात लावलं. त्यानंतर बाकीचे डबे पुढे आले. माझ्या मुलीने खिचडी मोजून अर्धी काढली, वरचे शेंगदाणेही अर्धे केले. जैन मुली घरी जाईपर्यंत पातेल्यांजवळ उभ्या राहिल्या. खिचडीत लाडू टाकणाऱ्यांना त्या परत पाठवत होत्या.

बाकीच्या वर्गांतही तसंच झालं. बारा वाजता तीन पातेली आणि पुस्तकांची चार पोती दोन रिक्षांतून निघाली. पोती ठेवायला शाळेत जागा नव्हती.

वृद्धाश्रमात पानं बारा चाळीसला मांडली गेली. सिस्टरांनी उभं राहून सांगितलं की हे मुलांनी आपल्या डब्यातलं अर्धं काढून दिलंय. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार पहिल्या पानावर होते. त्यांनी खिचडी, रताळं, लाडू असं क्रमाने संपवलं.

"सिस्टर, ह्यो तुमचा उपास हाय व्हय?"

"हो आजोबा."

"मग आठवड्याला एकच का?"

जेवणानंतर त्यांनी पोत्यातून चौथीचं गणिताचं गाइड काढलं आणि पेन्सिल मागितली. माझ्या मुलीचं नाव त्यावर होतं.

पुढच्या शुक्रवारी तांदूळ आले. त्या आठवड्याची सूचना पानभर होती आणि तिच्यात ‘तांदूळ’ हा शब्द चार वेळा होता. ती तपासायला माझ्याकडे आली नव्हती.